बाबारावचं समुद्राचं रीळ

मोताळ्याच्या बसस्टँडमागे माझं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे मच्छी पकडण्याचे सर्व सामान मिळेल’. एस.टी.ची वाट बघणारे बाहेरगावचे लोक ती पाटी वाचून हसायचे. एखादा मुद्दाम आत येऊन विचारायचा, “चाचा, समुद्र कोणत्या बाजूला आहे?” मी म्हणायचो, “समुद्र नाही, नळगंगा धरण आहे. गोड्या पाण्यातले मासेही मासेच असतात, त्यांनाही पकडावं लागतं.”

धंदा म्हणाल तर तसा साधा. जाळ्याचं सूत, जाळं बुडावं म्हणून लावायच्या शिशाच्या गोळ्या, तरंगावं म्हणून लावायचे बुचाचे तुकडे, लहानमोठे गळ, नायलॉनची दोरी. धरणावर पोट असलेली भोई मंडळी माझी पक्की गिऱ्हाइकं. पण नुसत्या त्यांच्यावर दुकान चाललं असतं असं नाही. निम्मे गळ विहिरीत पडलेल्या बादल्या काढायला जायचे. जाळी मक्यावरचे पोपट अडवायला जायची. अमडापूरच्या एक बाई दर उन्हाळ्यात कुरडया झाकायला बारीक जाळी न्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, “यातून चिमनीची चोच जाते का?” मग मी पेन्सिलीला टोक काढून त्यांच्यासमोर जाळीत खुपसून दाखवायचो. पेन्सिल अडकली की त्या समाधानाने मान हलवायच्या. एका गुराख्याने माझ्याकडून गळाच्या काठीला लावायची पितळी घंटी नेली होती. मासा लागला की ती वाजते. त्याने ती शेळीच्या गळ्यात बांधली आणि महिन्याने येऊन तक्रार केली, “रशीदभाई, शेळी हरवली नाही, पन झोप गेली.” पतंगाला नायलॉन मागायला येणाऱ्यांना मात्र मी कधी दोरा दिला नाही. माणसाचा गळा कापतो तो.

एवढ्या वर्षांत नाना गिऱ्हाइकं पाहिली, पण माझ्या दुकानाची खरी परीक्षा घेतली ती माझ्याच मित्राने.

बाबाराव आणि मी रोहिणखेडच्या शाळेत एका बाकावर बसलो. तो वांगी-मिरची पिकवतो. आवाज असा की शेताच्या या बांधावरून बोलला तर त्या बांधावरच्या माणसाला फोनची गरज पडत नाही. मासे पकडण्याचा नाद त्याला लहानपणापासून. बांबूची काठी, कणकेची गोळी आणि नळगंगेचं पाणी. मिळायचा तळहाताएवढा चिलापी. पण तो मासा रोहिणखेडपर्यंत येता येता वाढायचा, आणि चहाच्या टपरीवर पोचला की त्याच्या दोन हातांत मावेनासा व्हायचा.

एके दिवशी सकाळी तो दुकानात आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्या मानाने अगदी हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “रशीद, समुद्राचं रीळ दाखव.”

“कोनाचं?”

“समुद्राचं बे. खाऱ्या पान्यातलं. दोर गुंडायाचं यंत्र.”

“बाबाराव, इथून समुद्र किती दूर हाय, तुले मालूम हाय का?”

“हाव. मले तिथंच जा लागते ना! म्हनून तं आलो.”

मी त्याला बसवलं, चहा सांगितला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्याची मुलगी प्रणिता पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच नोकरीला असलेल्या एका कोकणातल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा शेगावला झाला, कारण पाहुण्यांना रेल्वेने थेट येता येतं. मी त्या वेळी आजारी होतो, म्हणून गेलो नव्हतो. जेवणं झाल्यावर बाबाराव आणि मुलाचे वडील आप्पा लॉजच्या व्हरांड्यात पान खात बसले. आप्पांनी त्यांच्या गावचा समुद्र सांगितला, खडक सांगितले, त्या खडकांवर उभं राहून आपण कसे मासे काढतो ते सांगितलं. ऐकता ऐकता बाबारावला राहवेना.

“मंग मीबी सांगतलं,” बाबाराव म्हणाला.

“काय सांगतलं?”

“का मीबी मोठमोठे मासे काढतो. मंग ते म्हने, रीळ कोनतं वापरता? म्या म्हनलं, इम्पोर्टेड.”

मी कपाळाला हात लावला.

“मंग ते म्हने, लग्नाले एक दिवस आधी या, आपन दोघं व्याही खडकावर जाऊ.”

“अन् तू हाव म्हनलास.”

“नाही म्हनलो असतो तं खोटा नसतो का पडलो?”

पण खरी गोष्ट त्याच्या पुढे होती. त्याच व्हरांड्यात आप्पांनी आणखी एक सांगितलं होतं. गावी समुद्रापाशी ते पर्यटकांसाठी खोल्या चालवतात, लग्नानंतर मुलगा-सून तिकडेच येतील आणि सून खोल्यांचा कारभार बघेल. म्हणजे प्रणिताने नोकरी सोडायची. बाबारावने वांग्याच्या पाट्या वाहून तिला शिकवलं होतं. तिला पांढऱ्या कपड्यांत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा एवढा मोठा माणूस दवाखान्याच्या गेटबाहेर जाऊन बसला होता. पण मुलीच्या बापाने लग्नाआधी असा विषय काढायचा कसा? चारचौघांत काढला तर बिघडणार. फोनवर काढला तर चुकीचा अर्थ होणार.

“खडकावर आमी दोघंच राहू,” बाबाराव म्हणाला. “हातात काम राह्यलं का मानूस बोलते. तिथं काढतो गोष्ट. पन त्याच्याआधी इज्जत रायली पाह्यजे ना. रीळ नसलं तं ते मले मानूसच समजनार नाही.”

आता रीळ म्हणजे काय ते सांगतो. बांबूच्या काठीला दोर बांधला की काठीच्या लांबीएवढ्याच अंतरावर मासे धरता येतात. दूर टाकायचं असेल तर दोर लांब हवा, आणि लांब दोर गुंडाळून ठेवायला काठीवर एक फिरकी लावावी लागते. तिला मूठ असते, ती फिरवली की दोर परत येतो. तेच रीळ. स्पिनिंग रीळ म्हणतात ते काठीच्या खालच्या बाजूला लटकतं. त्याची फिरकी जागची हलत नाही, एक वाकडी तार तिच्याभोवती फिरून दोर गुंडाळते. तार उघडायची, काठी झटकायची, की दोर सुळकन निघून जातो. नळगंगेसाठी माझ्याकडे अशी चार छोटी रिळं पुठ्ठ्यावर लटकवलेली होती. हौशी पोरं दिवाळीत न्यायची आणि संक्रांतीपर्यंत मोडून आणायची.

बाबारावने त्यातलं एक उचललं. “हे काय वाईट हाय?”

“समुद्रात टिकनार नाही.”

“तू समुद्र पाह्यला का?”

“नाही. पन मीठ पाह्यलं हाय.”

त्या रात्री मी घरी एक बादली भरली, त्यात मूठमूठ मीठ टाकलं आणि ते छोटं रीळ बुडवून ठेवलं. मीठ लोणच्यासाठी आणलेलं होतं, हे मला सकाळी कळलं. आमच्या घरच्यांनी, म्हणजे जुबेदाने, बादलीत डोकावून विचारलं, “हे काऊन मुरवून राह्यले?” मी म्हटलं, प्रयोग आहे. “मंग आंबेबी यातच टाकू का?” असं म्हणून तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद ठेवलं. रीळ बाहेर काढून उन्हात ठेवलं. आठवड्याच्या आत त्याच्या फटींतून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं, मूठ घट्ट बसली आणि जोर लावल्यावर आतून असा आवाज आला की जणू जात्यात खडा सापडलाय. बाबारावला ते दाखवलं. त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, “मंग आपल्या लोनारला जाऊन पाहू का? तिथंबी खारंच पानी हाय ना. पंधरा-वीस मिनिटं टाकून पाहू.”

“त्या पान्यात मासा जगत नाही. अन् वनखात्याचा मानूस पाहील तं आपल्या दोघायलेच गळाला लावील.”

शेवटी मी रत्नागिरीच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्याचा नंबर मला जाळी पुरवणाऱ्या माणसाकडून मिळाला होता. त्याच्या तोंडात पान असावं, कारण प्रत्येक उत्तराआधी तो थोडं थांबायचा. मी म्हटलं, “सगळ्यांत चांगलं समुद्राचं रीळ पाहिजे.” तो थांबला. मग म्हणाला, “सगळ्यांत चांगलं असं काही नसतं. होडीतून टाकणार की खडकावरून?” खडकावरून. “मासा केवढा?” मी बाबारावकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात पसरले. मी म्हटलं, “मध्यम.” “धरणारा माणूस कसा आहे?” मी म्हटलं, “माणूस मोठा आहे, अनुभव मध्यम.” तो पहिल्यांदा हसला.

त्याने मला जे शिकवलं ते मी आजही विसरलेलो नाही. रीळ फार मोठं घेऊ नये, कारण ते दिवसभर हातात धरायचं असतं. आत किती बेअरिंग आहेत ते डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ती खाऱ्या पाण्यापासून बंद केलेली आहेत का, हे महत्त्वाचं. जिथे जिथे फट आहे तिथे आत रबराची कडी हवी. मूठ धरून हलवून पाहावी, खुळखुळली तर ठेवून द्यावं. आणि घरी आलं की गोड्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावं. “धुणार नसाल,” तो म्हणाला, “तर कितीही भारी घ्या, समुद्र खातो.”

त्याने पार्सलने दोन रिळं पाठवली. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत करा. एक सोनेरी, जाडजूड, चकाकणारं. दुसरं काळं, गुमान बसलेलं, पाहिलं तरी लक्षात राहणार नाही असं.

बाबारावने सोनेरी रीळ हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उजळला. “हे घेऊ.”

“याची मूठ खुळखुळते.”

“पन दिसते कसं! लग्नात शोभते.”

“बाबाराव, हे नवरदेवाच्या गळ्यात घालाचं हाय का?”

तासभर आमचं भांडण झालं. झेरॉक्सवाला येऊन दोघांच्याही बाजूने बोलून गेला. मी काळ्या रिळाच्या मागे लागलो होतो, आणि बाबाराव सोनेरी रीळ मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता. मग मी म्हटलं, जे ओढ सहन करेल ते घेऊ.

ओढीचं असं आहे. मासा मोठा लागला आणि आपण दोर घट्ट धरून बसलो, तर दोर तुटतो. म्हणून रिळाला एक चावी असते, तिला ड्रॅग म्हणतात. ती थोडी सैल ठेवली की मासा जोरात ओढतो तेव्हा रीळ कुरकुरत दोर सोडतं, आणि तो दमला की आपण गुंडाळतो. समुद्राच्या रिळात हे सोडणं एकसारखं झालं पाहिजे, झटके देत नको. आता हे तपासायला मोताळ्यात मासा आणायचा कुठून? माझ्याकडे एक बोकड होता. सुलतान त्याचं नाव, अंगाने दणकट आणि स्वभावाने माझ्या सासऱ्यांसारखा.

बाबारावच्या रिकाम्या शेतात आम्ही सुलतानच्या पट्ट्याला दोर बांधला. बाबाराव काठी धरून मधोमध उभा राहिला. मी सुलतानला दूर नेऊन हिरव्या मक्याचं ताट दाखवलं आणि सोडलं. तो जो सुटला! सोनेरी रिळाने आधी काहीच सोडलं नाही, मग एकदम भसकन सोडलं, मग पुन्हा अडकलं, आणि बाबाराव झटक्यासरशी चार ढेंगा पुढे जाऊन वाफ्यात गुडघ्यावर बसला. टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

“मासा लागला का?” मी विचारलं.

“काळं आन!” तो ओरडला.

काळ्या रिळाने सुलतानला एकसारखा, झटका न देता दोर दिला. बाबाराव जागचा हलला नाही. मग त्याने मूठ फिरवायला सुरुवात केली आणि सुलतान पाय रोवून, मान वळवून आमच्याकडे असा बघायला लागला की मला त्याची माफी मागावीशी वाटली. दोर सोडून मक्याचं ताट त्याला देऊन टाकलं. त्या दिवसापासून मात्र हातात काठी असलेला माणूस दिसला की तो गोठ्यात शिरायचा.

पुढचे काही दिवस बाबाराव रोज शेतात काठी झटकायचा सराव करायचा. दोराला गळ नाही, नुसतं शिसं बांधलेलं. ते एकदा शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडलं आणि शेजाऱ्याला वाटलं माकडं आली. एकदा विजेच्या खांबाला गुंडाळलं. पण हळूहळू त्याचा हात बसला. मला खरंच अभिमान वाटला. समुद्र न पाहिलेल्या दुकानदाराने, समुद्र न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला, कोरड्या शेतात तयार केलं होतं.

लग्नाच्या वऱ्हाडात मला रिळाचा मेकॅनिक म्हणून आग्रहाने नेलं. गाव देवगडच्या बाजूला. पोचलो त्याच संध्याकाळी आम्ही दोघे चालत समुद्रापर्यंत गेलो. एवढं पाणी हलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाबाराव बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, “इतकं पानी अन् कोनी एक मोटर बसवली नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आम्हाला खडकांवर घेऊन गेले. आप्पा म्हणजे बारीक अंगाचे, नीटनेटके गृहस्थ, पांढरा सदरा, पायांत नवे कोरे रबरी बूट. त्यांची काठी भारी दिसत होती आणि तिच्यावर रीळ होतं सोनेरी, आम्ही परत पाठवलं त्याच जातीचं. मुठीवर प्लास्टिकचा कागद तसाच. आणि ते रीळ काठीच्या वरच्या बाजूला बसवलेलं होतं.

मी दोनदा पाहिलं. स्पिनिंग रीळ वर बसवून कुणीच मासे धरत नाही. आयुष्यभर जाऊ द्या, ज्याने एक सकाळ जरी हे काम केलंय तो ते वर बसवणार नाही. पण गिऱ्हाइकाची लाज दुकानदाराच्या हातात असते, ती सांभाळायची असते. मी म्हटलं, “आप्पासाहेब, द्या जरा, तेल सोडून देतो,” आणि काठी घेऊन बाजूला बसून रीळ खाली फिरवून दिलं. आप्पांनी काठी परत घेतली, रिळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“आमच्याकडे दोन्ही पद्धती असतात,” ते म्हणाले.

“हो ना,” मी म्हटलं.

बाबारावला यातलं काही दिसलं नाही. तो चपला काढून, पायजमा खोचून पुढच्या खडकावर जाऊन उभा राहिला होता. गळाला बाजारातली कोळंबी लावून त्याने काठी अशी झटकली की दोर लाटांच्या पलीकडे गेला. आप्पांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. स्वतः त्यांनी मात्र दोर टाकायची घाई केली नाही. वारा योग्य नाही म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. बाबारावने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, तो मूळ विषयासाठी शब्द जुळवतोय. त्याने घसा खाकरला. “आप्पासाहेब, मी काय म्हनतो, का पोरीबद्दल...”

आणि त्याच क्षणी काठी वाकली.

रीळ कुरकुरायला लागलं. सुलतानने ओढलं होतं त्याच्या दुप्पट. बाबाराव ओरडला, “लागला! लागला बे! रशीद, आता काय करू?” मी म्हटलं, “काही करू नको, रिळाले करू दे!” पण तो ओढीने पुढे गेला, ओल्या खडकावर त्याचा पाय सरकला, आणि आप्पा, तो नीटनेटका माणूस, काठी टाकून धावला आणि मागून बाबारावच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला.

“व्याहीनू, पडशात! माका पोवाक येणा नाय!” सगळी नोकरी आप्पांनी कोल्हापूरकडे केली होती, त्यामुळे आमच्याशी ते शुद्ध बोलत. घाबरल्यावर घरची भाषा बाहेर आली.

“काय नाही येत?”

“पोहता येत नाही मला!”

“मलेबी नाही येत!”

मी पुढे होऊन बाबारावचा दंड धरला. तिघांची अशी साखळी झाली. दोर खाली खडकांत गेला आणि थांबला. मासा कपारीत शिरला असावा. मोठे मासे असंच करतात, हे मला नंतर कळलं. आम्ही ओढतोय, दोर हलत नाही. आता आमच्या गळाला अख्खा महाराष्ट्राचा किनारा लागला होता.

कुणी सोडायला तयार नाही आणि कुणी हलायला तयार नाही. आप्पा अजून कमरेला धरून. त्या अवस्थेत, समुद्राकडे तोंड करून, बाबाराव त्याच्या खऱ्या आवाजात ओरडला, “आप्पासाहेब, माही पोरगी नोकरी सोडनार नाही!”

लाट येऊन आमच्या पायांवर आपटली.

“मी लई कष्टानं शिकवली तिले. राग आला तं येऊ द्या. मले मासेबी पकडता येत नाही. तळहाताएवढा चिलापी, बस. हे रीळबी रशीदनं आनलं.”

आप्पांनी मिठी सैल केली. ते हळूच खाली, ओल्या खडकावरच बसले. पांढरा सदरा भिजला. “खरं सांगू?” ते म्हणाले. “मी जन्मात मासा पकडला नाही. मला या खडकांची भीती वाटते. काठी पुतण्याची आहे. गावचा माणूस म्हटलं की सगळ्यांना वाटतं हा मासे पकडत असणार, म्हणून बोलून गेलो.”

“अन् त्या खोल्या?”

आप्पांनी पाण्याकडे पाहिलं. “अजून बांधायच्या आहेत. जागा आहे. तुम्ही एवढ्या मोठ्या माशांचं सांगत होतात, मग मी खोल्यांचं सांगितलं.”

बाबारावचं बांधापलीकडे ऐकू जाणारं हसणं सुटलं. त्या हसण्याने दूर बसलेले बगळे उडाले. आप्पाही हसायला लागले, आधी तोंडावर हात धरून आणि मग नुसतेच. बाबारावची काठी आता माझ्या हातात, मी मध्ये उभा. दोघांनी हात मिळवले, ठरलं: मुलगी नोकरी करणार, मुलगाही पुण्यातच राहणार, आणि हे घरी जाऊन सांगायचं. दोर मात्र कापावा लागला. रिळाने शेवटपर्यंत दगा दिला नाही, एवढं मी दुकानदार म्हणून सांगून ठेवतो.

आता तसं रीळ कुणी माझ्याकडे मागायला येत नाही. दुकान मी पुतण्याकडे दिलं. लोक मोबाइलवर मागवतात आणि सोनेरी मागवतात. डब्यावरची अक्षरं वाचतात, मूठ हलवून बघत नाहीत, कारण मोबाइलवर मूठ हलवता येत नाही. याचं मला वाईट वाटतं. पण मूळ गोष्ट सांगायची राहिली.

खडकांवरून आम्ही आप्पांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आणि प्रणिता नारळ खवत बसल्या होत्या. आप्पा ओल्या सदऱ्यात सरळ उभे राहिले आणि सभेत बोलावं तसं म्हणाले, “आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय. प्रणिताने नोकरी सोडायची नाही.”

काकूंचा हात थांबलाही नाही. “ते साखरपुड्यालाच ठरलं.”

“कोणी ठरवलं?”

“तिने सांगितलं, मी हो म्हटलं. जेवणं झाल्यावर.”

“आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“तुम्ही दोघं व्हरांड्यात होतात. माशांवर होतात.”

आप्पा कपडे बदलायला आत निघून गेले. बाबाराव पायरीवर बसला. त्याच्या तळपायांतून रक्त येत होतं. खडकांवर कालवांच्या शिंपल्या असतात, सुरीसारख्या, आणि हा गडी अनवाणी उभा होता. मासा लागल्यापासून त्याला ते कळलंच नव्हतं. प्रणिताने ते पाहिलं, खवणी सोडली, आतून गरम पाणी आणि तिची औषधाची पिशवी आणली आणि बापाचा पाय मांडीवर घेतला. चिमट्याने ती शिंपल्यांचे तुकडे काढायला लागली. दवाखान्यात बोलत असेल त्याच आवाजात म्हणाली, “हलू नका.” बाबाराव हलला नाही.

दुसरा पाय घेतल्यावर ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, “बाबा, नोकरीचं मलेच विचाराचं ना सरळ. मी एका फोनवर सांगितलं असतं.”

बाबाराव तिच्या खाली वाकलेल्या डोक्याकडे बघत होता.

“तुले विचारलं असतं,” तो म्हणाला, “तं मी समुद्र कव्हा पाह्यला असता?”